एक मॉनिटर, दोन संगणक
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

टेबल एक, खुर्ची एक, बसणारा माणूस एक आणि संगणक मात्र दोन, अशी परिस्थिती आज पुष्कळ ठिकाणी दिसते. छोट्या छापखान्यात दिसते, हिशेबनिसाच्या खोलीत दिसते, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये दिसते. नवा संगणक येतो, पण जुना टाकता येत नाही. कारण एखादं मशीन किंवा एखादं सॉफ्टवेअर फक्त जुन्यावरच चालतं. मग प्रश्न उरतो जागेचा. दोन मॉनिटर, दोन कीबोर्ड आणि दोन माउस मांडले, तर कागद ठेवायलाही टेबलावर जागा राहत नाही. यावर उपाय म्हणून बाजारात एक छोटा डबा मिळतो. त्याला म्हणतात केव्हीएम स्विच. के म्हणजे कीबोर्ड, व्ही म्हणजे व्हिडिओ, अर्थात मॉनिटर, आणि एम म्हणजे माउस. बटण दाबलं की मॉनिटर आणि कीबोर्ड पहिल्या संगणकाचे. पुन्हा दाबलं की तेच दुसऱ्याचे.

हा डबा कोणता घ्यावा, हा वरवर पाहता दुकानदाराला विचारायचा प्रश्न आहे. पण एक वस्तू अनेकांनी वाटून घ्यायची कशी, या जुन्या प्रश्नाचंच ते आजचं रूप आहे. त्या प्रश्नाचा इतिहास थोडा माहीत असला, तर डबा निवडणं पुष्कळ सोपं जातं, असा माझा अनुभव आहे.

मी राहतो बेलापूरला. नवी मुंबईतलं बेलापूर नव्हे. आमचं बेलापूर प्रवरेच्या काठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. काम अक्षरजुळणीचं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, सप्ताहाची पत्रकं आणि दशक्रियेचे कागद, असं सगळं या टेबलावर जुळवलं गेलं. एका परीनं ती पंचक्रोशीची वहीच आहे. कोणत्या घरी कधी लग्न झालं, कोणत्या साली सोसायटीनं किती कर्ज वाटलं, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला जुन्या गुरुजींनी काय लिहिलं, हे सगळं त्या फायलींमध्ये आहे. त्यातल्या कित्येक मजकुरांची छापील प्रत आज कोणाकडेच उरलेली नाही.

आणि या फायली जुन्या संगणकातच उघडतात. का, ते सांगतो. संगणकाच्या फायलीत अक्षरं नसतात, आकडे असतात. कोणत्या आकड्याचं कोणतं अक्षर, याबद्दल एकमत असलं तरच एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येते. मराठीसाठी असं एकमत व्हायला वेळ लागला. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था सुरू झाली. तिच्या जिस्ट तंत्रानं भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर आणल्या. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आलं आणि त्याच वर्षी जगातल्या लिप्यांना एकत्र आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरी होती. पण छपाईच्या बाजारात चलती होती ती फाँटवर आधारलेल्या सॉफ्टवेअरची. प्रत्येकाचे फाँट वेगळे, आकड्यांचा हिशेब वेगळा. त्या काळी फाँट सुंदर होते, छपाई उत्तम होत होती आणि फाइल गावाबाहेर जायची नव्हती; त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही.

आता अडतं. तो फाँट आणि ते सॉफ्टवेअर नसेल, तर फाइल उघडल्यावर नुसती चिन्हांची गर्दी दिसते. शिवाय अशी पुष्कळ सॉफ्टवेअर ‘लॉक’वर चालायची. लॉक म्हणजे संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी लावायचा बोटभर तुकडा. तो लावला नाही, तर सॉफ्टवेअर सुरू होत नाही. प्रिंटरची ती रुंद, पंचवीस भोकांची जागा आजच्या संगणकांना नसतेच. म्हणजे लॉकसाठी जुना संगणक हवा, आणि नव्या कामासाठी, युनिकोडसाठी आणि इंटरनेटसाठी नवा. विंडोज ९८ चा कंपनीकडून मिळणारा आधार २००६ मध्ये संपला, विंडोज एक्सपीचा २०१४ मध्ये. अशी मशीन इंटरनेटला जोडणं शहाणपणाचं नाही. ती आपली आपण, एकटी चालू ठेवायची.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या संगणकाचा कीबोर्ड आणि मॉनिटर काढून घेतला जातो, तो काही दिवसांत टेबलाखाली जातो, तिथून माळ्यावर जातो आणि माळ्यावरून भंगारवाल्याकडे. त्याच्याबरोबर मजकूरही जातो. जुना संगणक एका बटणाच्या अंतरावर राहिला, तर तो रोज चालू होतो आणि त्याची आठवण राहते. म्हणून माझ्या दृष्टीनं हा स्विच केवळ जागा वाचवणारी वस्तू नाही.

आता इतिहासाकडे वळू. सुरुवातीला गंमत उलटी होती. संगणक एक आणि माणसं अनेक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, टिफरॅक हा देशात घडवलेला संगणक १९६० मध्ये कामाला लागला. १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकन संगणक आला. अशा संगणकाशी कोणी समोरासमोर बसून बोलत नसे. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा, आपला नंबर येईपर्यंत थांबायचं आणि उत्तराचा कागद घ्यायला नंतर यायचं. रेशनच्या दुकानासारखीच रांग.

ही रांग मोडायचा प्रयत्न अमेरिकेत एमआयटीमध्ये झाला. फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये दाखवून दिलं, की एकच संगणक आपला वेळ बारीक तुकड्यांत वाटून अनेकांना देऊ शकतो. प्रत्येकाला वाटतं, संगणक माझाच आहे. प्रत्यक्षात तो क्षणभर याच्याकडे, क्षणभर त्याच्याकडे वळत असतो. रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडक्यांवरचे संगणकही मागे असलेल्या एकाच मोठ्या यंत्रणेशी जोडलेले होते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे.

खेड्यातही हाच क्रम होता. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली भागातल्या वारणा परिसरात सत्तर गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावात एक केंद्र, केंद्रात संगणक, आणि उसाची नोंद पाहायला येणारे शेतकरी अनेक. पुढे संशोधकांनी तिथे सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरच्या एसएमएसनं तीच माहिती देऊन पाहिली. गरज तेवढ्यावरही भागत होती. बंगळुरूच्या संशोधकांनी २००६ मध्ये शाळेतल्या एका संगणकाला अनेक माउस जोडून पाहिले, म्हणजे बाकीच्या मुलांना नुसतं बघत उभं राहावं लागू नये. या सगळ्यांत महाग वस्तू होती संगणक, म्हणून तो वाटून घ्यायचा होता.

मग पारडं फिरलं. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याच्यासारखे स्वस्त संगणक निघाले आणि कचेऱ्यांत त्यांची संख्या वाढत गेली. आता संगणक अनेक झाले. कमी पडू लागली ती जागा, मॉनिटर आणि माणसाचे हात. मोठ्या कंपन्यांत एका खोलीत कपाटं भरून संगणक आणि देखरेखीला एक-दोन माणसं. प्रत्येक संगणकाला काचेच्या नळीचा अवजड मॉनिटर लावायचा, तर खोलीत संगणकांना जागा उरली नसती.

पहिला उपाय अगदी साधा होता. आपल्याकडे कचेऱ्यांत एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दोन संगणकांना वापरता यावा, म्हणून पत्र्याचा डबा असे. पुढे एक गोल मूठ, तिच्याभोवती ए आणि बी अशी अक्षरं. मूठ फिरवली की आत धातूच्या पट्ट्या सरकत आणि एक जोड तुटून दुसरा लागे. हीच युक्ती कीबोर्ड आणि मॉनिटरसाठी वापरली गेली. मॉनिटरचं त्यावर निभावलं, पण कीबोर्डाचं निभावलं नाही.

कारण त्या काळचा संगणक सुरू होताना आपल्या सगळ्या अवयवांची हजेरी घेई. कीबोर्ड हजर नसला, तर पडद्यावर सूचना येई, की कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ ही कळ दाबा. कीबोर्डच नाही, तर कळ दाबायची कशी? हा विनोद संगणकाच्या दुनियेत फार गाजला, पण ज्याचं काम अडलं त्याला तो विनोद वाटत नसे. मूठ ‘ए’कडे असताना वीज जाऊन आली, की ‘बी’ संगणक हजेरीला अडून बसे. माउसचं त्याहून अवघड. १९८७ च्या आयबीएम पीएस/२ संगणकापासून कीबोर्ड आणि माउसला सहा पिनांच्या छोट्या गोल जागा आल्या. चालू संगणकातून त्या पिना काढून पुन्हा लावायच्या, अशी त्यांची रचनाच नव्हती. मूठ फिरवून परत आलं, की माउसचा बाण हालत नसे किंवा वाटेल तसा उड्या मारी.

दुखणं नेमकं कुठे होतं, हे आपल्या भागातल्या दोन जुन्या गोष्टींवरून चांगलं समजतं. एक रेल्वे आणि दुसरा कालवा.

दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली. मुंबईहून निघणाऱ्या दोन मोठ्या मार्गांना जोडणारा हा दुवा. त्यावरच्या आमच्या स्टेशनला नाव मिळालं बेलापूर, आणि स्टेशनाभोवती वाढलेलं गाव झालं श्रीरामपूर. मूळ बेलापूर तिथून काही किलोमीटरवर राहिलं. स्टेशनात रूळ जिथे फुटतात, त्याला आपण सांधा म्हणतो. सांधा बदलला की गाडी दुसऱ्या रुळावर जाते. इंग्रजीत ज्याला स्विच म्हणतात, त्याला इतका नेमका मराठी शब्द दुसरा नाही. पण सांधा बदलणं हे अर्धंच काम. ज्या गाडीला वाट दिलेली नाही, तिला थांबण्याची खूण मिळाली नाही तर अपघात ठरलेला. म्हणून इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये सांधा आणि सिग्नल एकमेकांना बांधून टाकण्याची रचना पेटंट केली. एकेरी मार्गावर आपल्याकडे वर्षानुवर्षं टोकनचा गोळा चाले. दोन स्टेशनांतली यंत्रं तारेनं जोडलेली; एका वेळी एकच गोळा बाहेर निघणार आणि गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी काढणार नाही. दुसरी गाडी स्टेशनात थांबून राही, पण तिचा विसर पडत नसे.

दुसरी गोष्ट कालव्याची. भंडारदऱ्याच्या धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. धरणातून सोडलेलं पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून दोन्ही बाजूंच्या कालव्यांत शिरतं. चारी एक आणि शेतं अनेक, म्हणून शेजपाळी ठरते. आज याचं भिजणं, उद्या त्याचं. ज्याचं दार उघडं आहे, त्याची चिंता कोणालाच नसते. शेजपाळीची खरी परीक्षा होते ती दार बंद असलेल्या शेतकऱ्यापाशी. आपली पाळी कधी हे त्याला माहीत असलं आणि ती ठरल्या दिवशी आली, तर तो शांत बसतो. नाहीतर रात्री कुदळ घेऊन चारीवर जातो.

मूठवाल्या डब्याचं नेमकं हेच चुकत होतं. ज्याची पाळी आहे त्याला तो व्यवस्थित जोडत होता. ज्याची पाळी नाही, त्याला वाऱ्यावर सोडत होता.

हा दोष दूर झाला तो डब्यात छोटी चिप बसवल्यावर. ही चिप प्रत्येक संगणकाशी स्वतंत्रपणे, अखंड बोलत राहते. संगणकानं विचारलं, कीबोर्ड आहे का, की चिप सांगते, आहे. माउस आहे का? आहे. खरा कीबोर्ड त्या वेळी दुसऱ्या संगणकाच्या सेवेत असतो, पण या संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. तांत्रिक भाषेत याला इम्युलेशन म्हणतात. हजेरी लावणारा प्रतिनिधी म्हणा ना. आपण बटण दाबलं की चिप खऱ्या कळा खऱ्या संगणकाकडे वळवते, आणि दुसऱ्याकडे हजेरी सांगत राहते.

१९९० च्या दशकात अशा डब्यांचा मोठा व्यवसाय झाला. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल गावी सायबेक्स नावाची कंपनी होती. तिचे संस्थापक रेमिजियस शाटस यांनी १९९५ मध्ये ‘केव्हीएम’ हे नाव रूढ केलं, असं मानलं जातं. २००० मध्ये सायबेक्स आणि एपेक्स या दोन कंपन्या एक होऊन अ‍ॅव्होसेंट झाली. तैवानच्या एटेनसारख्या कंपन्यांनी हेच डबे घरापर्यंत आणले. पुढे डेटा सेंटरसाठी तर असे स्विच निघाले, की मशीन एका शहरात आणि कीबोर्ड दुसऱ्या शहरात.

मग यूएसबी आलं. पहिलं यूएसबी मानक १९९६ चं. चालू संगणकात पिन काढली-लावली तरी चालते, हा त्याचा मोठा गुण. त्यामुळे स्वस्त स्विच बनवणाऱ्यांनी हजेरी लावणारी चिपच गाळली. अशा डब्यात बटण दाबलं, की एका संगणकाला वाटतं कीबोर्ड काढला आणि दुसऱ्याला वाटतं नवा लावला. दोघांकडून ‘टुंग’ असा आवाज येतो, दोन-चार सेकंद जातात आणि मग कळा चालू लागतात. दिवसातून तीनदा बदलणाऱ्याला हे खपून जातं. तासाला तीसदा बदलणाऱ्याला नाही.

मॉनिटरचीही अशीच ओळख असते. १९९४ मध्ये एक पद्धत ठरली, तिला ईडीआयडी म्हणतात. मॉनिटर स्वतःची माहिती, म्हणजे आकार किती, किती ठिपके दाखवता येतात, ती संगणकाला सांगतो. साध्या स्विचमध्ये पाळी गेली की ही ओळख तुटते. संगणकाला वाटतं मॉनिटरच गेला. मग तो खिडक्यांची मांडणी विस्कटतो, नाहीतर परत आल्यावर चित्र भलत्याच आकारात दाखवतो. चांगला स्विच मॉनिटरची ओळखही जपून ठेवतो.

मूठ कोणाच्या हातात, हाही जुनाच प्रश्न. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पूर्वी बाई किंवा बुवा बसलेले असत आणि दोरीची पिन ज्या भोकात घालतील तिथे आपला आवाज जाई. अमेरिकेत आल्मन स्ट्रोजर नावाचे अंत्यविधीचं सामान पुरवणारे एक गृहस्थ होते. एक्स्चेंजवाले आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याला जोडून देतात, असा त्यांना संशय आला, अशी कथा सांगतात. त्यांनी १८९१ मध्ये आपोआप चालणाऱ्या एक्स्चेंजचं पेटंट मिळवलं. भारतात पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये सिमल्याला सुरू झालं. आजच्या स्विचमध्येही तीन प्रकार आहेत. एक बटणाचा, एक कीबोर्डवरची ठरावीक कळ दोनदा दाबण्याचा, बहुधा स्क्रोल लॉक, आणि तिसरा आपोआप बदलणारा. तिसरा ऐकायला बरा वाटतो. पण मजकूर टाइप करताना दुसरा संगणक झोपेतून जागा झाला आणि स्विच आपणहून तिकडे वळला, तर निम्मं वाक्य इकडे आणि निम्मं तिकडे. बटण आपल्या हाती असलेलं बरं.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. दोन्ही संगणकांना कीबोर्ड एकच असला, तरी त्याच कळेतून तेच अक्षर निघेल असं नाही. जुन्या संगणकावर टाइपरायटरची मांडणी असते, कारण त्या काळचे जुळारी टाइपरायटरवर शिकून आलेले. नव्यावर बहुधा इनस्क्रिप्ट, जिचा आराखडा १९८६ चा. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी के या कळेवर क आहे. टाइपरायटरच्या मांडणीत क दुसरीकडे. यात स्विचची चूक नाही. कीबोर्डकडून स्विचमार्फत अक्षर जात नसतं, जातो तो फक्त कळेचा क्रमांक. त्याचं अक्षर करायचं काम संगणकाचं. म्हणून कीबोर्डवर मराठी अक्षरांची चिकटपट्टी लावून उपयोग होत नाही. बोटांनाच दोन्ही मांडण्या पाठ असाव्या लागतात. तसंच, स्विच फाइल या संगणकातून त्या संगणकात नेत नाही. दोन संगणक जोडले म्हणजे ते एकमेकांशी बोलू लागले, असा अनेकांचा समज होतो. ते बोलत नाहीत, आणि जुनं मशीन इंटरनेटपासून दूर ठेवायचं असेल तर ते बोलत नाहीत हेच बरं.

आता निवडीकडे. सर्वांत आधी आपल्या मॉनिटरची पाठ पाहा. पुष्कळ मॉनिटरना पंधरा पिनांची व्हीजीए आणि चपटी एचडीएमआय, अशा दोन्ही जागा असतात. जुना संगणक व्हीजीएला आणि नवा एचडीएमआयला थेट लावता येतो. कोणाचं चित्र दाखवायचं ते मॉनिटरच्या बटणानं ठरतं. मग लागतो फक्त कीबोर्ड आणि माउसचा स्विच. तो पुष्कळ स्वस्त पडतो. दोन बटणं दाबावी लागतात एवढंच.

मॉनिटरला एकच जागा असेल, तर दोन्ही संगणकांच्या जागा मोजा. एक व्हीजीएवाला आणि एक एचडीएमआयवाला असेल, तर मध्ये बदल करणारा तुकडा लागेल. व्हीजीएमधून येणारं चित्र लहरींच्या रूपात असतं आणि एचडीएमआयला लागतं आकड्यांच्या रूपात. म्हणून हा तुकडा विजेवर चालणाराच हवा, नुसती पिन बदलणारी केबल भागत नाही. कीबोर्डचंही तसंच. जुन्या गोल जागेत यूएसबी कीबोर्ड लावणारा जांभळा-हिरवा स्वस्त तुकडा फक्त काही कीबोर्डना चालतो. जे दोन्ही भाषा बोलतात त्यांनाच. बाकीच्यांना आत चिप असलेला तुकडा लागतो. व्हीजीएची केबल जितकी लांब, तितकी अक्षरांना सावली पडते. बारीक टाइप दिवसभर पाहणाऱ्यानं केबल आखूड आणि जाड घ्यावी.

यानंतर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा. बटण दुसरीकडे असताना हा संगणक बंद करून चालू केला, तर तो सुरळीत सुरू होतो का? शक्य असेल तर दुकानातच करून पाहा. हा प्रयोग जमला, तर आत हजेरी लावणारा कोणीतरी आहे किंवा तुमच्या संगणकाला त्याची गरज नाही, असं समजा. स्विचला स्वतंत्र वीज देणारा अ‍ॅडॉप्टर असेल तर उत्तम, नाहीतर एक संगणक बंद करताच सगळाच डबा झोपायची भीती असते.

सॉफ्टवेअरचाही पर्याय आहे. केंब्रिजच्या प्रयोगशाळेतून १९९८ च्या सुमारास आलेलं व्हीएनसी एका संगणकाचा पडदा दुसऱ्यावर दाखवतं. त्यानंतर एकाच कीबोर्डनं शेजारचे दोन-तीन संगणक चालवणारी सॉफ्टवेअरही निघाली. पैसे वाचतात. पण त्यासाठी दोन्ही संगणक पूर्ण सुरू झालेले आणि एकमेकांना जोडलेले लागतात. जुनं मशीन सुरू होतानाच अडलं, तर ते का अडलं हे दाखवायला खरा पडदा आणि खरा कीबोर्डच हवा. आणि जुनी मशीन सुरू होतानाच अडतात.

बँका किंवा सरकारी कचेऱ्या, जिथे एक संगणक आतल्या जाळ्यावर आणि एक इंटरनेटवर असतो, त्यांचा विचार वेगळा. कीबोर्डवरचे कॅप्स लॉकचे दिवे संगणक पेटवतो, म्हणजे माहिती कीबोर्डकडेही येत असते. त्या वाटेनंही गुपित फुटू शकतं. त्यांच्यासाठी ही वाट बंद केलेले खास स्विच असतात. आपल्या टेबलाला त्याची गरज नाही.

शेवटी एक विनंती. स्विचनं जुना संगणक हाताशी राहतो, पण अमर होत नाही. त्याची हार्ड डिस्क, त्याचा पंखा, तो बोटभर लॉक, यातलं काहीही एखाद्या सकाळी जबाब देईल. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आज मिळतात. त्यांतून निघालेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घालावा लागतो, कारण जोडाक्षरं आणि रफार कधी कधी चुकतात. ज्यांच्याकडे गावातल्या शाळांच्या, संस्थांच्या, देवस्थानांच्या जुन्या फायली आहेत, त्यांनी रोज थोडं थोडं हे काम करावं. इकडच्या बटणावर जुनी फाइल उघडून वाचायची, तिकडच्या बटणावर नवी तपासायची. रोज एक स्मरणिका, एक अहवाल. जुनं मशीन चालू आहे तोवरच हे होण्यासारखं आहे.